पिवळा त्रिकोण दिसला तर घाबरू नका

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि तळमजल्यावर जे होतं ते बुडालं. दुकानांतल्या मालाबरोबर बिलांचे संगणक गेले, दवाखान्यांतले गेले, घरातल्या कपाटात खालच्या खणात ठेवलेले लॅपटॉपही गेले. त्यानंतर शहरात दोन प्रकारची यंत्रं फिरताना दिसतात. एक, चिखल धुऊन, बोर्ड साफ करून, नवी डिस्क घालून पुन्हा उभी केलेली. दुसरी, पुण्या-मुंबईहून आलेली जुनी, वापरलेली. दोन्हींना विंडोज नव्यानं टाकावी लागते. आता त्यात तिसरी भर पडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला, त्यामुळे चांगल्या चालत्या लॅपटॉपलाही लोक फॉरमॅट मारून विंडोज ११ टाकत आहेत.

विंडोज टाकून होते, पडदा उजळतो, आणि मग एकेक गोष्ट लक्षात येते. अक्षरं मोठी आणि फाटल्यासारखी दिसतात. आवाज नाही. वायफायचं चिन्हच नाही. प्रकाश कमी-जास्त करायची बटणं दाबली तर काही होत नाही. टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही. ज्याच्या यंत्रात एकदा पाणी शिरलं आहे, त्याच्या मनात पहिला विचार येतो तो बोर्ड गेल्याचा. मग वायफायचा छोटा डोंगल विकत घेतला जातो, आवाजासाठी यूएसबीचं साउंड कार्ड घेतलं जातं. बहुतेक वेळा या खर्चाची गरज नसते. तो करण्याआधी डिव्हाइस मॅनेजर उघडून पाहावा, कारण चिप मेली आहे की फक्त तिचा ड्रायव्हर नाही, हे तिथे बऱ्याच अंशी कळतं. पाण्यातून गेलेल्या यंत्रांच्या या शहरात हा फरक प्रत्येकाला ओळखता यावा, म्हणून हा लेख.

आधी ड्रायव्हर म्हणजे काय ते पाहू. लॅपटॉपमध्ये आवाजाची चिप एका कंपनीची, वायफायची दुसऱ्या, टचपॅडची तिसऱ्या कंपनीची असते. प्रत्येक चिपला कोणत्या क्रमानं कोणता आकडा पाठवला की ती काय करते, हे तिच्या निर्मात्यालाच पक्कं ठाऊक असतं. विंडोजला फक्त इतकंच म्हणायचं असतं की हे गाणं वाजव, हे पान पाठव. मधलं काम करणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. त्याच्या गठ्ठ्यात मुख्यतः तीन तऱ्हेच्या फायली असतात. आयएनएफ ही साधी मजकुराची फाइल, तिच्यात हा ड्रायव्हर कोणकोणत्या चिपांसाठी आहे याची यादी असते. एसवायएस या फाइलमध्ये प्रत्यक्ष प्रोग्राम असतो. आणि कॅट या फाइलमध्ये डिजिटल सही असते. चौसष्ट बिटांची विंडोज सही नसलेला ड्रायव्हर सहसा आत घेत नाही, आणि ते योग्यच आहे. ड्रायव्हर यंत्रणेच्या अगदी गाभ्यात चालतो. तिथे कुणीही ऐरागैरा शिरला तर सगळं यंत्र त्याच्या ताब्यात जातं.

नवा लॅपटॉप घेतला तेव्हा हे सगळं कारखान्यात बसवलेलं होतं. फॉरमॅट मारताना डिस्कवरचे सगळे भाग पुसले, की ते ड्रायव्हरही जातात आणि ते परत मिळवून देणारा कंपनीचा राखीव भागही जातो. विंडोज स्वतःबरोबर हजारो सर्वसाधारण ड्रायव्हर आणते, म्हणून कीबोर्ड चालतो, पडदा निदान दिसतो. उरलेलं आपल्याला आणावं लागतं.

आता डिव्हाइस मॅनेजर. स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक केली की यादीत त्याचं नाव येतं. माउस आणि टचपॅड दोन्ही बंद असतील तर विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबा, हीच यादी उघडते. आत यंत्रातल्या भागांची गटवार यादी दिसेल. 'अदर डिव्हाइसेस' नावाचा गट असेल आणि त्यातल्या नावांवर पिवळा त्रिकोण असेल, तर ती बरी बातमी आहे. त्रिकोणाचा अर्थ असा, की चिप जिवंत आहे, तिला वीज मिळते आहे, तिनं विंडोजला आपली ओळख सांगितली आहे. फक्त त्या ओळखीचा ड्रायव्हर विंडोजकडे नाही. त्या नावावर दोनदा क्लिक केलं तर 'कोड २८' असं लिहिलेलं सापडतं. ड्रायव्हर बसवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याउलट यादीत वायफायचं नाव कुठेच नाही, 'अदर डिव्हाइसेस' गटही नाही, तर मात्र प्रश्न वेगळा. ती चिप विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही. कधी ती बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद केलेली असते. तिथे जाऊन आधी पाहावं. नाहीतर वायफायचं कार्ड आपल्या खाचेत नीट बसलेलं नसतं, किंवा पाण्यातल्या मातीनं त्याचे सोनेरी दात काळवंडलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ते दात पुसून कार्ड पुन्हा बसवल्यावर चालू होण्याची शक्यता असते. हे काम ज्याला लॅपटॉप उघडायची सवय आहे त्याच्याकडूनच करून घ्यावं. या दोन्हींच्या मधली अवस्थाही असते. ड्रायव्हर बसलेला आहे, तरी त्रिकोण आहे आणि 'कोड १०' किंवा 'कोड ४३' लिहिलेलं आहे. तेव्हा ड्रायव्हर चुकीचा असू शकतो किंवा चिप अर्धवट बिघडलेली असू शकते. कंपनीच्या पानावरचा नेमका ड्रायव्हर टाकून, यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू केल्यावरही तोच कोड राहिला, तर दुरुस्तीवाल्याकडे जायला हरकत नाही.

त्रिकोण असलेल्या नावांचा उलगडा करू, कारण इथेच माणसं गोंधळतात. 'नेटवर्क कंट्रोलर' म्हणजे बहुधा वायफाय. 'इथरनेट कंट्रोलर' म्हणजे तारेच्या इंटरनेटचं भोक. 'एसएम बस कंट्रोलर' दिसलं तर चिपसेटचा ड्रायव्हर हवा. 'पीसीआय सिंपल कम्युनिकेशन्स कंट्रोलर' हे लांबलचक नाव पाहून लोक मोडेम शोधत बसतात. इंटेलच्या लॅपटॉपमध्ये ते जवळजवळ नेहमी मॅनेजमेंट इंजिन असतं. 'पीसीआय डेटा अ‍ॅक्विझिशन अँड सिग्नल प्रोसेसिंग कंट्रोलर' हे इंटेलच्या उष्णता सांभाळणाऱ्या व्यवस्थेचं नाव. 'बेस सिस्टिम डिव्हाइस' हे जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेकदा कॅमेऱ्याचं कार्ड वाचणारी खाच असते. 'मल्टिमीडिया ऑडिओ कंट्रोलर' म्हणजे आवाज. आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स' या गटात 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं लिहिलेलं असेल तर तिथे त्रिकोण नसला तरी काम अपुरं आहे: पडदा कामचलाऊ ड्रायव्हरवर चालला आहे, म्हणूनच प्रकाश कमी-जास्त होत नाही.

उरतं ते नुसतं 'अननोन डिव्हाइस'. तेही खरं तर अनोळखी नसतं. त्यावर दोनदा क्लिक करा, 'डिटेल्स' हा विभाग उघडा, आणि खालच्या पट्टीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांच्या काही ओळी दिसतील. त्यांतली सगळ्यात वरची सर्वांत नेमकी. पत्त्यातल्या पिनकोडासारखीच ही रचना आहे: ४१५६०५ म्हटलं की पत्र चिपळूणला येतं, पुढे घर क्रमांक पाहून पोस्टमन दारात पोचतो. तसं या ओळीत 'व्हेन' या अक्षरांनंतर चार खुणा असतात त्या कंपनीच्या, आणि 'डेव्ह' या अक्षरांनंतरच्या चार खुणा त्या कंपनीच्या नेमक्या चिपेच्या. प्रत्येक खूण शून्य ते नऊ किंवा ए ते एफ असते, म्हणजे चार खुणांत ६५,५३६ वेगवेगळे क्रमांक बसतात.

काही क्रमांक पाठ करण्यासारखे आहेत. ८०८६ म्हणजे इंटेल; १९७८ मध्ये आलेल्या त्यांच्या प्रोसेसरचाच तो आकडा. १०ईसी म्हणजे रिअलटेक, आवाज आणि तारेच्या नेटसाठी सगळ्यांत जास्त हीच भेटते. १६८सी क्वालकॉम अ‍ॅथेरॉस, १४ई४ ब्रॉडकॉम, १४सी३ मीडियाटेक, या तिन्ही वायफायमध्ये दिसतात. १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, १००२ म्हणजे एएमडीची ग्राफिक्स. पूर्ण ओळ जशीच्या तशी कॉपी करून शोधली, की कोणत्या चिपेचा ड्रायव्हर हवा हे कळतं.

याच ओळीत पुढे 'सबसिस' हा तुकडा असतो. त्याच्या आठ खुणांतल्या शेवटच्या चार बहुधा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या असतात: १०२८ डेल, १०३सी एचपी, १७एए लेनोवो, १०४३ एसुस, १०२५ एसर. जुन्या बाजारातून आणलेल्या, तळाचा कागद गळून पडलेल्या यंत्राची जात ओळखायला ही माहिती फार उपयोगी पडते.

ओळीची सुरुवात पीसीआयऐवजी 'एसीपीआय' नं होत असेल तर ती वस्तू बटणं, सेन्सर, वीज-व्यवस्थापन अशा प्रकारची असते. व्हीपीसी२००४ दिसलं तर लेनोवोचा बटणं आणि वीज सांभाळणारा भाग. एचपीक्यू६००१ म्हणजे एचपीचं वायफाय चालू-बंद करायचं बटण. एसएमओ८८१० म्हणजे डेलमधला, लॅपटॉप पडतोय हे ओळखून फिरती हार्डडिस्क वाचवणारा सेन्सर. तुम्ही एसएसडी बसवली असेल तर त्याचं काही काम उरत नाही, पण ड्रायव्हर टाकेपर्यंत त्रिकोण दिसतच राहतो.

नाव कळलं, आता आणायचं कुठून? लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत पानावरून, तुमच्या यंत्राचा क्रमांक घालून. डेलचा सर्व्हिस टॅग सात खुणांचा असतो. एचपी आणि लेनोवो सिरियल क्रमांक विचारतात. तळाचा कागद पुसला गेला असेल तर बायोस उघडून पाहा, बहुतेक यंत्रांत तो तिथे लिहिलेला असतो. नुसत्या मॉडेलच्या नावावर भागवू नका. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या दोन लॅपटॉपांत वायफायची चिप वेगळ्या कंपनीची निघते.

पण वायफायच नाही, तर हे पान उघडायचं कसं? यासाठी अँड्रॉइड फोन पुरतो. फोन यूएसबीच्या तारेनं लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. त्याला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच इंटरनेट तारेतून लॅपटॉपला मिळतं, मोबाइलचा डेटा जात नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर शेकडो एमबींचा असतो, त्यामुळे हे ध्यानात ठेवावं. तार डेटाची हवी. फक्त चार्जिंगच्या तारेनं काही होणार नाही. विंडोज ११ टाकताना नेट जोडल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही त्या पायरीवरही हीच युक्ती चालते. गावाकडे घाटमाथ्याच्या कुशीत, जिथे रेंज येत-जात असते, तिथे काम करायचं असेल तर शहरातून निघण्याआधीच ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावेत.

नेट लागलं की पहिलं काम विंडोज अपडेटला पोटभर चालू द्यायचं. ते आपोआप बरेचसे ड्रायव्हर आणतं. नंतर त्याच पानावर 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये 'ऑप्शनल अपडेट्स' असतं, तिथे आणखी काही ड्रायव्हर थांबलेले असतात आणि तिकडे फारसं कुणी पाहत नाही. यंत्र एकदा रिस्टार्ट करून डिव्हाइस मॅनेजर पुन्हा बघा. पुष्कळदा काम इथेच संपतं. जे त्रिकोण उरतील त्यांच्यासाठीच कंपनीच्या पानावर जायचं.

तिथून टाकताना क्रम पाळावा. चिपसेट आधी, कारण बाकीच्या भागांकडे जाणारे रस्ते तोच उघडतो. मग मॅनेजमेंट इंजिन आणि 'सिरियल आयओ'. टचपॅड अर्धवट चालत असेल तर आधी हा सिरियल आयओ पाहा. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत टचपॅड त्याच मार्गानं जोडलेलं असतं, आणि तो नसताना टचपॅडचा ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी बसत नाही. मग ग्राफिक्स: इंटेल आणि एन्व्हिडिया दोन्ही असतील तर इंटेल आधी. मग वायफाय, ब्लूटूथ, आवाज. इंटेलच्या नव्या यंत्रांत आवाजासाठी रिअलटेकच्या आधी इंटेलचा 'स्मार्ट साउंड' ड्रायव्हर लागू शकतो. शेवटी बटणं, कॅमेरा, बोटाचा ठसा. चिपसेट आणि ग्राफिक्सनंतर रिस्टार्ट करावं. त्याच पानावर बायोसचं अपडेटही दिसेल. ते या कामाचा भाग नाही. करायचंच असेल तर चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना आणि वीज जाण्याची चिन्हं नसताना करावं. भर पावसात, वीज लपंडाव खेळत असताना ते नकोच.

एक अडचण विंडोज टाकण्याच्या आधीच येते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या अनेक लॅपटॉपांत, विंडोज कुठे टाकायची हे विचारणाऱ्या पायरीवर डिस्कच दिसत नाही. माणसाला वाटतं एसएसडी गेली. खरं तर डिस्क इंटेलच्या व्हीएमडी या व्यवस्थेच्या मागे असते, आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या पेनड्राइव्हवर नसतो. कंपनीच्या पानावरून 'रॅपिड स्टोरेज' चा ड्रायव्हर आणून, सोडवून, त्याच पेनड्राइव्हवरच्या वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि त्या पायरीवर 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. डिस्क लगेच दिसते.

फॉरमॅट अजून मारायचा असेल, तर मात्र यांतली बरीचशी शोधाशोध वाचवता येते. चालू विंडोजमध्ये बाहेरच्या डिस्कवर एक रिकामा फोल्डर करा. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत पीएनपीयूटिल लिहा, एक जागा सोडून तिरकी रेघ (/) आणि तिला चिकटून 'एक्स्पोर्ट-ड्रायव्हर', पुन्हा जागा सोडून ताऱ्याची खूण (*), पुन्हा जागा सोडून त्या फोल्डरचा पत्ता. बाहेरून आलेले सगळे ड्रायव्हर त्या फोल्डरात उतरतात. नवी विंडोज टाकल्यावर त्रिकोणावर उजवी क्लिक, 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', तो फोल्डर दाखवून 'इन्क्लूड सबफोल्डर्स' वर खूण. इंटरनेट नसतानाही काम होतं.

जुनी विंडोज चालूच होत नसेल, पण डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावर वाचता येत असेल, तरी आशा आहे. पुरातून निघालेल्या डिस्कच्या बाबतीत हे करून पाहण्यासारखं आहे. अर्थात त्यावरचे फोटो आणि हिशेब आधी उतरवून घ्यावेत. त्या डिस्कवर विंडोजच्या फोल्डरात सिस्टिम३२, त्यात 'ड्रायव्हरस्टोअर', त्यात 'फाइलरिपॉझिटरी' असा फोल्डर असतो. तोच वरच्या पद्धतीनं दाखवला की आपल्या चिपेला लागू पडणारा ड्रायव्हर विंडोज शोधून उचलते. आणि फॉरमॅट न मारता जुन्यावरच नवी विंडोज टाकली असेल तर जुनं सगळं 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरात असतं. साधारण १० दिवसांनी विंडोज ते आपोआप काढून टाकते, तेव्हा घाई करावी.

एक कळकळीची विनंती. 'तुमच्या संगणकात अनेक ड्रायव्हर जुने आहेत' असं सांगणारे, एका क्लिकवर सगळं दुरुस्त करतो म्हणणारे प्रोग्राम टाकू नका. त्यांच्याबरोबर जाहिराती आणि नको असलेलं सामान येतं, कधी भलताच ड्रायव्हर बसतो, आणि शेवटी पैसे मागितले जातात. चालणाऱ्या भागाचा ड्रायव्हर निव्वळ जुना आहे म्हणून बदलायचीही गरज नसते.

लॅपटॉपच्या आतलं सगळं लागलं तरी सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, ग्रामपंचायत किंवा कर सल्लागार यांचं काम लगेच सुरू होत नाही, कारण त्यांची खरी मदार बाहेरून जोडलेल्या वस्तूंवर असते. आपल्याकडच्या टेबलांवर हमखास दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० प्रिंटर घ्या. बत्तीस बिटांच्या विंडोजसाठी त्याचा ड्रायव्हर वेगळा, चौसष्ट बिटांसाठी वेगळा. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांची आहे, त्यामुळे जुन्या सीडीतला बत्तीस बिटांचा ड्रायव्हर तिथे चालणार नाही. ड्रायव्हर आधी टाकावा आणि तो सांगेल तेव्हाच तार जोडावी. एचपीचा लेझरजेट १०२० तर दर वेळी चालू झाला की स्वतःचा अंतर्गत प्रोग्राम संगणकाकडून मागून घेतो. ड्रायव्हर नसताना तो एक ओळही छापत नाही, म्हणून तो बिघडला असं समजू नये.

आधारसाठी बोटाचा ठसा घेणाऱ्या मंत्रा किंवा मॉर्फोच्या यंत्राला दोन गोष्टी लागतात: ड्रायव्हर आणि ठसा पोर्टलपर्यंत पोचवणारी आरडी सर्व्हिस. पहिली टाकली की डिव्हाइस मॅनेजरमधला त्रिकोण जातो, यंत्रातला दिवाही लागू शकतो, पण पोर्टल मात्र 'डिव्हाइस तयार नाही' म्हणत राहतं. तेव्हा आरडी सर्व्हिस राहिली आहे हे ओळखावं.

ई-निविदा आणि जीएसटीसाठी लागणाऱ्या डिजिटल सहीच्या टोकनचंही तसंच. सही टोकनच्या आत असते, लॅपटॉपच्या डिस्कवर नाही, म्हणून फॉरमॅटनं ती जात नाही. टोकन ज्या कंपनीनं बनवलं आहे तिचा ड्रायव्हर टाकला की सही पुन्हा दिसते. टाकताना किंवा नंतर टोकन 'इनिशिअलाइझ' करायचं का असं विचारलं गेलं, तर स्पष्ट नाही म्हणा. त्यानं आतली सही पुसली जाते, आणि मग नव्या सहीसाठी पुन्हा कागदपत्रं, व्हिडिओ पडताळणी आणि पैसे. पिनही अंदाजानं टाकत बसू नका, काही वेळा चुकली की टोकनला कुलूप लागतं. ज्याच्या नावाची सही आहे त्यालाच फोन करून विचारा.